गाडीतलं घर आणि नागऱ्यातला मुक्काम

आमच्या गाडीची गोष्ट निघाली की नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात. झोपता कसं आणि स्वयंपाक कुठे करता? पाणी किती मावतं, सांडपाणी कुठे जातं, बॅटरी कशी भरते, हे कुणी विचारत नाही. प्रवासात अडतं ते मात्र नेमकं तिथेच. मे महिन्यात नागझिऱ्याहून कान्ह्याकडे जाताना गोंदियाजवळच्या नागऱ्यात आम्हाला अचानक मुक्काम करावा लागला, त्याची ही हकीकत. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे किंवा सुट्टीत भाड्याने घ्यायचा विचार आहे, त्यांना यातलं काही ना काही उपयोगी पडेल.

गाडी म्हणजे 2018 सालची जुनी डिझेल ट्रॅव्हलर. मागच्या सीटा काढून दोन बाकं केली आहेत, रात्री त्यांचे पलंग होतात. एक लहान ओटा, 80 लिटरची पाण्याची टाकी, 12 व्होल्टवर चालणारा छोटा फ्रिज आणि मागे पडद्याआड डब्याचा संडास. हे सगळं करण्याआधी आम्ही परिवहन कार्यालयाची मंजुरी घेतली आणि आरसी बुकावर बदलाची नोंद करून घेतली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे ती लागतेच. 2021 साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून 'आता काय, कुणीही गाडीत पलंग टाकावा' असं समजणारे आम्हाला भेटले आहेत. तसं नाही. नोंद नसेल तर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करते, आणि तेव्हा पलंग कितीही मऊ असला तरी उपयोग नाही.

गाडी केली ती अम्मींमुळे. गुडघे धरलेले, साखरेचा आजार, दिवसातून दोनदा इन्सुलिन. हायवेवरच्या संडासांची अवस्था बायकांना सांगायला नको. आणि दुसरी गोष्ट नमाजची. पुरुष कुठल्याही गावच्या मशिदीत शिरून नमाज पढून येतात. बायकांनी तोवर गाडीत बसून राहायचं, कारण बहुतेक मशिदींत त्यांच्यासाठी वुजूची जागाही नसते. यावर आपल्याकडे बोलायला हवं, पण तो वेगळा लेख होईल. गाडीत पडदा ओढला की अम्मी आणि आमची नववीतली मुलगी निवांत नमाज पढतात, एवढं इथे पुरे.

त्या शुक्रवारी फजरला उठलो तेव्हा फ्रिजचा हिरवा दिवा बंद होता. आत ठेवलेलं छोटं थर्मामीटर 19 दाखवत होतं. फ्रिजमध्ये दही होतं, थोडं मटण होतं आणि अम्मींच्या इन्सुलिनच्या न फोडलेल्या तीन बाटल्या होत्या.

मटणाचं दुःख नव्हतं. इन्सुलिनचं होतं. न फोडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश तापमानात ठेवायचं असतं. फ्रिजबाहेर ते लगेच खराब होत नाही. साधारण 25 ते 30 अंशांच्या आत राहिलं तर चार आठवड्यांपर्यंत चालतं, प्रत्येकाच्या खोक्यावर आणि पत्रकात ते लिहिलेलं असतं. पण मे महिन्यातला विदर्भ 30 अंशांत कुठला राहायला? दुपारी बाहेर 43-44, आणि उन्हात बंद उभ्या गाडीत त्याच्याही वर. शिवाय बिघडलेलं इन्सुलिन दरवेळी दिसून येतंच असं नाही. साधं स्वच्छ इन्सुलिन गढूळ झालं, दुधाळ इन्सुलिनमध्ये गाठी किंवा काचेला चिकटलेले कण दिसले, तर ते फेकायचं. पण उष्णतेने निम्मी ताकद गेलेली बाटली दिसायला चांगलीच दिसते. साखर चारशेवर गेली की मग कळतं. पुढचा रस्ता बालाघाट, बैहर आणि तिथून जंगलातून मुक्कीच्या फाटकाकडे. अशा वेळी पुढे जायचं नाही, मोठं गाव गाठायचं, एवढं आमचं पटकन ठरलं.

बाटल्या ओल्या पंचात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवल्या आणि तिरोड्यावरून गोंदिया गाठलं. एक चूक इथे टाळली ती सांगतो. रस्त्यात बर्फवाला दिसला, मुलगा म्हणाला, बर्फात ठेवू. इन्सुलिन बर्फाला टेकवायचं नाही. एकदा गोठलं की ते बाद, पुन्हा वितळवून वापरता येत नाही. 

गोंदियात पहिलं काम म्हणजे औषधाचं दुकान. दुकानदाराने खोकी उलटसुलट बघितली, तारीख पाहिली, रात्री किती वेळ बाहेर होती ते विचारलं आणि म्हणाला, काही झालेलं नाही, दुकान बंद होईपर्यंत माझ्या फ्रिजमध्ये राहू द्या. नाव लिहून चिठ्ठी लावली. पैसे घेतले नाहीत. मग आम्ही गॅरेज शोधायला निघालो.

मिस्त्री पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी आधी मीटर लावला. अशा गाड्यांत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन चालू करायला, दुसरी घरासाठी, म्हणजे पंखे, दिवे, पाण्याचा पंप, फ्रिज. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर दोन्ही भरतो. पूर्ण भरलेली शिशाची बॅटरी काही वेळ स्वस्थ ठेवून मोजली तर 12.6 च्या आसपास व्होल्ट दाखवते. 12 वर आली म्हणजे पाऊण रिकामी झाली असं समजायचं. आमची घरची बॅटरी 11.3 वर होती. मिस्त्रींनी इंजिन चालू करायला लावलं. पुढची बॅटरी 14 च्या वर गेली, मागची 11.3 वरच. म्हणजे मागे वीज पोचतच नव्हती.

"बॅटरी मेली नाही भाऊ, उपाशी हाय. तिले कोणी खाऊच घातलं नाही," मिस्त्री म्हणाले.

वायर शोधत ते सीटखाली गेले आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात फ्यूजची काळी पडलेली डबी होती. प्लॅस्टिक वितळून तांब्याला चिकटलं होतं. ज्या कारागिराने हे बसवलं त्याने घरगुती बोर्डाला वापरतात तसली बारीक वायर ओढली होती. लांब अंतर, मोठा करंट आणि बारीक वायर. ती तापत राहिली, डबी वितळत राहिली आणि एक दिवस जोड सुटला. आम्ही मनातल्या मनात फ्रिजला दोष देत होतो. मिस्त्रींनी ती डबी आमच्या हातावर ठेवली आणि वर झोपायच्या बाकाकडे बोट दाखवलं. त्या वायरीच्या बरोब्बर वर आमची मुलं झोपतात.

अल्हम्दुलिल्लाह म्हणून गप्प बसायची ही गोष्ट नाही. गाडी बनवून घेताना वायर किती जाडीची टाकली, फ्यूज बॅटरीच्या किती जवळ आहे आणि दोन्ही टोकांना आहे का, हे विचारा, डोळ्यांनी बघा. आम्ही गाद्यांच्या कापडाचा रंग निवडायला दोन दिवस घालवले होते. वायर बघितली नव्हती.

नवी जाड वायर, दोन्ही बॅटऱ्यांपाशी एकेक फ्यूज, असं काम दुपारपर्यंत होणार होतं. पण इतकी रिकामी झालेली बॅटरी घाईने भरता येत नाही. हळूहळू भरायची तर दहा-बारा तास लागतात. विजेवर चालणारा चार्जर आमच्याकडे आहे, तो घरी कपाटात होता. म्हणून बॅटरी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवावी लागणार हे नक्की झालं.

बारा वाजत आले तसे मिस्त्री स्वतःच म्हणाले, "आज तुमचा शुक्रवार हाय नं? जाऊन या. तवर मी चाकं खोलतो."

मुसाफिरावर जुम्मा फर्ज नाही, तो जुहरच्या दोन रकात कस्र पढू शकतो. पण शहरात आहोत, हाताशी वेळ आहे, तर जुम्मा का सोडा? (अस्र मात्र आम्ही गाडीत कस्र केली. हनफी मताप्रमाणे पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्कामाची नियत असेल तर चार रकातच्या नमाजा दोन होतात, आणि मुकीम इमामाच्या मागे उभे राहिलो तर मात्र पूर्ण चार.) अनोळखी गावात मटण-चिकन कुठून घ्यावं हा आपला नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर जुम्म्यानंतर मशिदीच्या पायरीवर मिळतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, ते दुकानापर्यंत सोबत आले. फ्रिज बंद म्हणून एका वेळेपुरतंच घेतलं. बाकी कांदे, टोमॅटो, डाळ, लिंबं आणि पाच किलो तांदूळ. धानाच्या जिल्ह्यात येऊन पॉलिश केलेला पाकिटातला तांदूळ घेणं आम्हाला पटलं नाही, सुटा एचएमटी घेतला. या वाणाचं नाव घड्याळावरून पडलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातले दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडत निवडत तो वाण तयार केला आणि त्या काळी मनगटावर मिरवल्या जाणाऱ्या घड्याळाचं नाव त्याला दिलं. 2018 साली ते वारले. मुलांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी आधी विचारलं, एचएमटीचं घड्याळ म्हणजे काय?

परत आलो तर चारही चाकं उतरवलेली. मागच्या ड्रममधून मूठ मूठ लाल धूळ निघाली होती. ब्रेकचे लायनर अजून चांगले होते, साफ करून बसवले. एअर फिल्टर काढून हवा मारली, ती आतून बाहेर मारायची असते. उलट मारली तर धूळ आणखी आत बसते. कूलंट थोडं कमी होतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, आमच्या एका टायरवर 3218 होतं, म्हणजे 2018 सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसत असली तरी रबराला बारीक भेगा पडल्या होत्या. तो टायर बदलला. हवा किती आहे ते सकाळी गाडी थंड असताना बघायचं. उन्हात धावून आलेल्या टायरमध्ये हवा जास्त दिसते, ती पाहून हवा सोडू नये. आणि चाकं काढून बसवली की पन्नास-शंभर किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळायचे. मिस्त्रींनी हे तीनदा बजावलं.

गॅसचं काम सोपं होतं. आमच्याकडे पाच किलोचा छोटा सिलिंडर आहे. ओळखपत्र दाखवून तो कंपनीच्या वितरकाकडे बदलून मिळतो, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. रस्त्याकडेच्या दुकानात मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देणारे सगळीकडे भेटतात. ते बेकायदा तर आहेच, पण आपण त्याच सिलिंडरच्या शेजारी झोपतो हे लक्षात ठेवावं. नवा सिलिंडर लावला की साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहायचं. नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी ती बदलायची. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक हवं. वरची खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

संध्याकाळी प्रश्न आला, झोपायचं कुठे? पंखे बंद, गाडी तापलेली. मिस्त्री म्हणाले, "शहरात कुठी उभी ठेवता? आमच्या गावाले चला. नागऱ्याले. अंगणात जागा हाय, बोरिंग हाय." नागरा गोंदियाला लागूनच आहे. जुन्या शिवमंदिरासाठी तो प्रसिद्ध. खरं सांगायचं तर आम्ही थोडे बिचकलो. बुरख्यातल्या दोन बायका, दाढीवाला माणूस, अनोळखी गाव, देवस्थानाचं ठिकाण. हल्ली अशा वेळी मनात काय काय येतं ते वाचकांना समजावून सांगायला नको. अम्मी म्हणाल्या, "ज्याने गाडी खोलून तुमच्या मुलांचा जीव वाचवला त्याच्या घरी जायला विचार कसला करता?"

मगरिबच्या सुमारास पोचलो. शेजारपाजारचे लोक गाडी बघायला जमले. एकाने कुठून आलात, किती दिवस राहणार असं जरा चौकशीच्या सुरात विचारलं. आम्ही नाव, गाव सांगितलं, आधार कार्ड पुढे केलं. त्याने ते हातात घेतलं नाही. आमचा धाकटा मिस्त्रींच्या नातवांबरोबर देवळापर्यंत जाऊन आला आणि तिथले जुने दगड केवढे मोठे आहेत ते हात पसरून सांगू लागला.

रात्री नऊला औषधाच्या दुकानातून बाटल्या आणल्या आणि प्रश्न पुन्हा जागेवर. मिस्त्रींच्या घरी फ्रिज होता, पण त्यांच्या आईने तो उघडूही दिला नाही. त्या अम्मींच्याच वयाच्या, त्यांनाही साखर, त्यांनाही इन्सुलिन. त्यांनी आम्हाला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेलं. एका मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत बसवलेलं लहान मडकं, त्यावर ओलं फडकं आणि आत प्लॅस्टिकच्या डबीत त्यांच्या बाटल्या. "लाइनीचा भरोसा नाही बाई. माठ कधी बंद नाही पडत."

आम्ही थर्मामीटर आत सोडलं. बाहेर 34 होतं, तासाभराने आत 24. पाणी मडक्याच्या अंगातून झिरपून वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं, साधी गोष्ट. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात हे जितकं चालतं तितकं कोकणात चालणार नाही, तिथली हवाच ओली. माठात फ्रिजसारखे 5 अंश कधी होणार नाहीत, पण एक-दोन दिवस निभावायला 24-25 पुरतात. दोन्ही म्हाताऱ्या मग अंगणात बाजेवर बसल्या. एक दखनी बोलत होती, दुसरी पोवारीमिश्रित मराठी. सुई पोटावर टोचावी की मांडीवर यावर त्यांची अकरा वाजेपर्यंत चर्चा चालली होती.

सकाळचं काम पाण्याचं. बोरिंगचं पाणी भरण्याआधी टाकी धुतली. शंभर लिटरला पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट शंभर मिलिलिटर, या हिशोबाने 80 लिटरच्या टाकीत 80 मिलिलिटर घालून काठोकाठ भरायची, प्रत्येक नळातून वास येईपर्यंत पाणी सोडायचं, काही तास ठेवून सगळं काढून टाकायचं आणि मग दोनदा साध्या पाण्याने धुवायची. आम्ही क्लोरीनचं पाणी रात्रीच भरून ठेवलं होतं. पंपाला बॅटरी नव्हती, म्हणून नळांऐवजी खालच्या बोंडातून सोडलं.

80 लिटर म्हणजे किती? आम्ही चौघे नमाज पढणारे. नळ सोडून वुजू केला तर एका वेळी दोन लिटर सहज जातात. चौघे, पाच वेळा, 40 लिटर. निम्मी टाकी वुजूत! हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम एक मुद्द पाण्यात वुजू करत असल्याचं हदीसमध्ये आलं आहे. मुद्द म्हणजे जेमतेम पाऊण लिटर. मुलांनी ते ऐकलं होतं, पण घरी नळ होता. प्रवासात आम्ही पाऊण लिटरचा एक लोटा ठरवून टाकला. आता दिवसाचे 15 लिटर लागतात. पहिल्या दिवशी धाकट्याचा पाय धुवायचा राहिला आणि लोटा संपला, तिसऱ्या दिवशी लोट्यात पाणी उरू लागलं.

आता संडासाचा डबा. याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. तो गटारात, शेतात किंवा तळ्याकडेला कधीही रिकामा करायचा नाही. संडासातच ओतायचा आणि तोही घरच्यांना विचारून. डब्यात घालायचं तीव्र औषध सेप्टिक टाकीतले जिवाणू मारतं, म्हणून कुणाच्या घरी रिकामा करायचा असेल तर ते वापरू नये. आम्ही मिस्त्रींना विचारलं तर शेजारचा एक तरुण म्हणाला, थांबा, एका माणसाला बोलावतो, तो करून देईल. आम्ही नको म्हटलं. दुसऱ्याकडून मैला हाताने उचलून घेणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी आमची घाण ती आमची. हातमोजे घालून आम्हीच डबा नेला, धुतला, उन्हात वाळत ठेवला. तो तरुण लांबून बघत होता. नंतर त्यानेच बादलीभर पाणी आणून दिलं.

दहा वाजता मिस्त्री बॅटरी घेऊन आले. बसवली, मीटर लावला, 12.7. इंजिन चालू केलं, 14. फ्रिजचा दिवा हिरवा झाला. मजुरीचे पैसे त्यांनी गॅरेजच्या हिशोबाने घेतले, अंगणाचे आणि पाण्याचे घ्यायला तयार झाले नाहीत. अम्मींनी त्यांच्या आईला घरून आणलेल्या खजुरांचा पुडा दिला. साखरेच्या माणसाला खजूर! त्या म्हणाल्या, नातवांना देईन. आम्ही निघताना त्यांनी दोन मडकी आणि वाळूची पिशवी गाडीत आणून ठेवली.

बालाघाटला थांबून नट आवळले. एक नट खरोखरच अर्धा फेरा सैल झाला होता. फ्रिजमध्ये 6 अंश. इन्सुलिनच्या दोन बाटल्या फ्रिजमध्ये गेल्या, तिसरी अम्मींनी माठातच राहू दिली, आणि माठ ठेवला ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. बैहरच्या वाटेवर पहिल्याच मोठ्या वळणावर तो कलंडला, ओली वाळू मुलीच्या पुस्तकांवर सांडली. बाटली शाबूत. गाडी कडेला घेतली, वाळू भरली, आणि अम्मींनी आपला सीटबेल्ट काढून माठाला लावला. त्यांना दुसऱ्या सीटवर बसवण्यात आमची पुढची दहा मिनिटं गेली.